गोव्याच्या आकाशाचे वेळापत्रक गोव्याच्या घड्याळाने छापा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या तीन-चार वर्षांत आकाशात बरेच काही घडायचे आहे आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांतूनही मोठ्या बातम्या येणार आहेत. आपल्याकडे या बातम्या वृत्तसंस्थेकडून जशा येतात तशाच छापल्या जातात. वेळ दिल्लीची नाहीतर ग्रिनिचची, शहरांच्या यादीत पणजीचे नाव नाही आणि 'भारतातून दिसणार' एवढ्यावर मजकूर संपतो. वाचक गच्चीवर जातो, काही दिसत नाही आणि पुढच्या वेळी तो जातच नाही. म्हणून आमची विनंती अशी, की महिन्यातून दोनदा पाव रकाना या विषयाला द्यावा आणि त्यातली प्रत्येक वेळ पणजीसाठी काढलेली असावी. दिशा कोणती, क्षितिजापासून उंची किती, साधन काय लागेल एवढे लिहावे. गोव्यातून दिसणार नसेल तर तेही पहिल्याच ओळीत सांगून टाकावे.

गणित अवघड नाही. कोलकात्याचे पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर दरवर्षी पंचांग काढते, त्यात ग्रहणांचे तपशील असतात. 'स्टेलेरियम' ही संगणकप्रणाली फुकट मिळते. तिच्यात अक्षांश १५.५ उत्तर, रेखांश ७३.८ पूर्व घातले की पणजीचे आकाश समोर येते. पणजीतल्या सार्वजनिक वेधशाळेची जाणकार मंडळी मजकूर तपासून देऊ शकतील. आता एकेका घटनेबद्दल, आणि छापताना चूक कुठे होते त्याबद्दल.

सर्वांत आधी ज्याची तयारी व्हायला हवी ते ग्रहण ३१ डिसेंबर २०२८ चे. रविवार, पौष पौर्णिमा आणि खग्रास चंद्रग्रहण. चंद्र पृथ्वीच्या गडद छायेत शिरू लागेल भारतीय वेळेनुसार रात्री ८.३७ च्या सुमारास. पूर्ण झाकला जाईल ९.४६ ला, ग्रहणमध्य १०.२२, खग्रास अवस्था सुटेल १०.५८ ला आणि गडद छाया चंद्रावरून पूर्ण सरकेल रात्री १२.०६ ला. म्हणजे नवे वर्ष लागल्यावर सहा मिनिटांनी! चंद्रग्रहणाच्या वेळा देशभर एकच असतात, कारण छाया खुद्द चंद्रावर पडलेली असते. गावागणिक बदलतो तो फक्त चंद्रोदय. त्यामुळे या वेळा पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे तशाच वापरता येतील. साडेसात वाजल्यापासून चंद्र उपच्छायेत, म्हणजे पृथ्वीच्या विरळ छायेत असेल, पण तो पहिला तास साध्या डोळ्यांना बहुतेक काही कळत नाही. 'ग्रहण साडेसातला सुरू' असे छापले तर लोक तासभर मान वर करून कंटाळतील आणि खरे ग्रहण सुरू होताना घरात असतील. ही चूक दर चंद्रग्रहणाला होते.

ग्रहणमध्याला चंद्र गोव्यातून पूर्वेकडे जवळजवळ ५७ अंश उंचीवर, मिथुन राशीत, मृग नक्षत्राच्या वरच्या अंगाला असेल. झाडे, इमारती, डोंगर यांचा अडथळा नाही. डिसेंबरात गोव्याचे आकाश बहुधा निरभ्र असते. चंद्राचे तेज पौर्णिमेच्या मानाने दहा हजार पटींनी, कधी त्याहूनही जास्त उतरते. भर पौर्णिमेला जे तारे दिसत नाहीत ते त्या बहात्तर मिनिटांत बाहेर येतात. लालसर चंद्र आणि शेजारी मृग, रोहिणी, पुनर्वसू असे ते दृश्य असेल.

अडचण आहे ती आपल्या किनाऱ्यावरच्या उजेडाची. कळंगुट, बागा, वागातोर, मोरजी, पाळोळे या सगळ्या ठिकाणी त्या रात्री आकाशात फिरणारे बीमलाइट, शॅकसमोरचे फ्लडलाइट आणि स्टेजचा धूर असतो. समुद्रकाठच्या दमट हवेत तो उजेड विखुरतो आणि पूर्ण किनारपट्टीवर पांढुरका पडदा धरतो. फटाक्यांचा प्रश्न मात्र फारसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑक्टोबरात घालून दिलेल्या मर्यादेनुसार नववर्षाच्या रात्रीचे फटाके ११.५५ ते १२.३० एवढ्याच वेळात. खग्रास अवस्था त्याच्या तासभर आधी संपते. नियम पाळला गेला तर धूर आणि ग्रहण एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत. उरतात दिवे. पर्यटन खात्याने आणि किनारी पंचायतींनी ९.४५ ते ११ या सव्वा तासात आकाशाकडे रोखलेले बीम आणि समुद्राकडे तोंड केलेले फ्लडलाइट बंद ठेवायचा आदेश काढावा. वाटेवरचे, सुरक्षेचे दिवे राहू द्यावेत, पण वरून झाकण घातलेले. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे तो काळ सागरी कासवांच्या विणीचाही आहे. तिथल्या वाळूवर उजेड नको हे वन खाते वर्षानुवर्षे सांगत आलेच आहे. नववर्षाचे परवाने देताना ही अट घालायची तर २०२८ च्या पावसाळ्यातच ठरायला हवी, डिसेंबरात सांगून उपयोग नाही. पर्यटकांना हजारो रुपये मोजून जे आकाश पाहायला दुसरीकडे जावे लागते ते त्या रात्री इथे फुकट आहे, हे हॉटेलवाल्यांना पटवून देणे आपल्या पत्राला जमेल.

शाळांसाठी त्या रात्री करण्यासारखे काम म्हणजे चंद्राचा रंग नोंदवणे. त्यासाठीची डँजॉन मोजपट्टी शून्य ते चार अशी असते. चंद्र जवळजवळ दिसेनासा झाला तर शून्य, काळसर करडा-तपकिरी एक, गंजासारखा गडद तांबडा दोन, विटकरी तीन, उजळ तांब्याचा किंवा नारिंगी चार. रंग ठरतो तो पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेल्या सूर्यप्रकाशामुळे. त्या वर्षात एखाद्या मोठ्या ज्वालामुखीची राख स्थितांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरात गेली असेल तर चंद्र काळवंडतो. दुर्बीण न लावता, साध्या डोळ्यांनी, ग्रहणमध्याला अंदाज घ्यायचा आणि वेळेसह लिहून ठेवायचा. पन्नास शाळांच्या नोंदी जमल्या तर त्यांची सरासरी खरोखर उपयोगाची असते.

कॅमेरावाल्यांसाठी: पूर्ण उजळ चंद्राला आयएसओ २००, एफ/८, १/२५० सेकंद पुरते. खग्रास अवस्थेत आयएसओ १६००, एफ/४, साधारण एक सेकंद. त्याहून जास्त वेळ उघडे ठेवले तर २०० मिलिमीटरच्या भिंगालाही चंद्र सरकलेला दिसतो. ट्रायपॉड हवाच. गोव्यात फोटो बिघडतो तो मात्र बहुधा दवामुळे. रात्री दहानंतर समोरच्या भिंगावर पुसट थर धरतो, स्क्रीनवर तो कळत नाही आणि घरी गेल्यावर सगळे फोटो धुकट निघतात. भिंगाच्या रुंदीच्या दीडपट लांबीची काळ्या कार्डपेपरची नळी पुढे लावावी आणि हेअर ड्रायर मंद आचेवर अर्ध्या मिनिटापुरता फिरवावा. रुमालाने पुसू नये. किनाऱ्यावर त्या दवात मिठाचे कण असतात, ते भिंगाचा लेप खरवडतात. साधने कपाटात ठेवताना डब्यात सिलिका जेल टाकावे, नाहीतर एका पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशीचे जाळे धरते आणि ते बाहेरून निघत नाही.

त्याआधी २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण आहे, सोमवार, आषाढ अमावास्या. स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन या पट्ट्यात ते खग्रास आहे आणि इजिप्तमध्ये लक्सरच्या जवळ खग्रास अवस्था ६ मिनिटे २३ सेकंद टिकेल. गोव्यातून ते खंडग्रास, दुपार कलल्यावर, सूर्य पश्चिमेकडे उतरत असताना. २०२५ साली याच ग्रहणावरून एक संदेश मोबाइलवर फिरला, की २ ऑगस्ट २०२५ ला सगळे जग सहा मिनिटे अंधारात बुडणार. वर्ष चुकीचे आणि 'सगळे जग' तर साफ खोटे. खग्रास पट्टा जेमतेम अडीचशे किलोमीटर रुंद आहे. २०२७ च्या जुलैत तो संदेश पुन्हा येईल, त्याच्या आधी आपल्या पत्रात खुलासा यायला हवा. याला 'शतकातले सर्वांत मोठे ग्रहण' म्हणण्याची लाटही येईल. तेही खरे नाही. २२ जुलै २००९ चे, सुरत-भोपाळ-पाटण्यावरून गेलेले ग्रहण जास्तीत जास्त ६ मिनिटे ३९ सेकंदांचे होते.

सूर्यग्रहणाच्या वेळा, चंद्रग्रहणासारख्या नाहीत, गावागणिक बदलतात. मुंबईची वेळ पणजीला चालत नाही, मंगळुरूचीही नाही. ऑगस्टचा पहिला आठवडा म्हणजे ढग असणारच, आणि धोका नेमका त्या ढगांत आहे. पातळ ढगाआडून सूर्य डोळ्याला सुसह्य वाटतो, माणूस टक लावून पाहतो. डोळ्याच्या पडद्याला इजा होताना दुखत नाही, कारण तिथे वेदनेची जाणीवच नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, पाण्यातले प्रतिबिंब यांतले काहीही चालणार नाही. आयएसओ १२३१२-२ असा शिक्का असलेला चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच हवी. चष्म्याला टाचणीएवढे छिद्र किंवा चरा असेल तर तो कापून टाकून द्यावा. ग्रहणाचा चष्मा घालून द्विनेत्रीतून पाहणे हा सर्वांत घातक प्रकार. भिंगाने एकवटलेला प्रकाश ती फिल्म क्षणात जाळतो. दुर्बिणीला फिल्टर लागतो तो पुढच्या तोंडाला, डोळ्याकडच्या बाजूला नव्हे.

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पुठ्ठ्याला दोन मिलिमीटरचे छिद्र पाडून सूर्याकडे पाठ करून उभे राहणे. दोन मीटर दूरच्या पांढऱ्या कागदावर सूर्याचे सुमारे १८ मिलिमीटरचे बिंब उमटते. प्रतिमा अंतराच्या १०९ व्या भागाएवढी होते, हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. छिद्र मोठे केले तर प्रतिमा उजळते पण कडा पुसट होतात, फार लहान केले तर काही दिसत नाही. स्वयंपाकघरातला झारा उन्हात धरला तर खाली चतकोर सूर्यांची नक्षीच उमटते. छिद्रातून वर पाहायचे नाही, हे वाक्य ठळक छापावे.

पुढचे मोठे सूर्यग्रहण २१ मे २०३१ चे. केरळ आणि तमिळनाडूच्या पट्ट्यात ते कंकणाकृती, गोव्यात खंडग्रास, दुपारच्या वेळी, सूर्य डोक्यावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आलेला नसण्याची शक्यता बरी आहे.

ज्या घटनेची तारीख कुणालाच सांगता येत नाही तिच्यासाठी मजकूर आधी तयार ठेवावा लागतो. 'टी कोरोनी बोरियालिस' हा उत्तर मुकुट तारकासमूहातला जोडतारा. एक तांबडा राक्षसी तारा आणि एक श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा लहान, घट्ट गाभा) २२७ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात. तांबड्याचा वायू बटूवर साचत जातो आणि ऐंशीएक वर्षांनी त्या थराचा स्फोट होतो. १८६६ ला झाला, १९४६ ला झाला. एरवी हा तारा दहाव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), म्हणजे द्विनेत्रीलाही अवघड. स्फोटात तो काही तासांत दुसऱ्या प्रतीपर्यंत चढतो आणि आठवडाभरात पुन्हा डोळ्याआड होतो. १९४६ च्या आधी तो जसा मंद झाला होता तसाच २०२३ च्या मार्चपासून मंद झाला, म्हणून २०२४ पासून जगभर वाट पाहणे सुरू आहे. त्यासाठी जाहीर झालेले नेमके दिवस एकामागून एक टळले. अशा नेमक्या तारखा छापूच नयेत.

गोव्यासाठी महत्त्वाचे हे, की उत्तर मुकुट आपल्या डोक्यावरून जेमतेम दहा अंश उत्तरेकडून जातो. एप्रिल-मेत रात्री नऊनंतर ईशान्येला, ऑक्टोबरच्या संध्याकाळी वायव्येला, जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे पूर्वेला. जून ते सप्टेंबर ढगांमुळे आशाच नाही. स्वातीच्या पूर्वेला सात ताऱ्यांचे लहानसे अर्धवर्तुळ आहे, त्यातला सर्वांत तेजस्वी तारा २.२ प्रतीचा. ते अर्धवर्तुळ आत्ताच ओळखून ठेवावे. स्फोट झाला की त्याच्या पूर्वेकडच्या टोकाशी तेवढाच तेजस्वी एक जास्तीचा तारा दिसेल. बातमी मध्यरात्री येईल, आपला अंक सकाळी निघेल आणि तारा दिसायला उरतील पाच-सहा रात्री. नकाशा आणि महिन्यागणिक वेळ-दिशा यांचा तक्ता संपादकीय विभागात तयार असेल तरच वेळ गाठता येईल.

उल्कावर्षावांबाबत एक आकडा दरवर्षी फसवतो. मिथुन राशीतून येणाऱ्या जेमिनिड्सबद्दल 'तासाला १२० ते १५० उल्का' असे छापले जाते. हा आकडा उगमबिंदू (उल्का जिथून येताना भासतात ती जागा) थेट डोक्यावर आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतील असे काळोखे आकाश धरून काढलेला असतो. म्हापसा किंवा मडगावातून साडेचार प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात. दर प्रतीमागे उल्कांची संख्या सुमारे अडीच पटीने घटते, म्हणजे दोन प्रतींना सहा-साडेसहा पट. तासाला वीसच्या आसपास उल्का दिसल्या तर समाधान मानावे. नेत्रावळी किंवा चोर्ला घाटात गेल्यास संख्या खूपच वाढते. २०२६ ची १३-१४ डिसेंबरची रात्र चांगली आहे, पाच दिवसांचा चंद्र लवकर मावळतो आणि उगमबिंदू पहाटे दोनच्या सुमारास सर्वांत उंच असतो. दुर्बीण नको. वीस मिनिटे मोबाइलकडे पाहायचे नाही, एवढेच पथ्य.

आता अपोफिस. सुमारे ३४० मीटरचा हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. आपले दूरचित्रवाणीचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतात, तो त्यांच्याही आतून जाईल. परदेशी बातम्यांत तारीख असेल १३ एप्रिल २०२९. ग्रिनिचची वेळ २१.४६ आहे, तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपल्याकडे १४ एप्रिलची पहाट, ३.१६. त्या क्षणी तो अटलांटिक महासागरावर असेल. त्याआधी रात्री तो हिंदी महासागरावरच्या आकाशातून पश्चिमेकडे सरकत जाईल आणि ती अमावास्येची रात्र असल्याने चंद्राचा त्रास नाही. युरोप-आफ्रिकेत तो तिसऱ्या प्रतीपर्यंत जाईल. तोच आकडा गोव्याला लावू नये, आपल्यासाठी उंची आणि तेज दोन्ही वेगळे काढावे लागेल. क्षितिजापासून दहा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर, आपल्या दमट हवेत ताऱ्याचे तेज दीड प्रतीने उतरते. पाच अंशांवर तर तीन प्रतींपर्यंत. समुद्राकडचे मोकळे क्षितिज पाहून लोक फसतात ते यामुळेच.

आणि तो आदळणार नाही. २००४ च्या डिसेंबरात २.७ टक्के शक्यता निघाली होती. २०२१ च्या मार्चमधील रडारच्या मोजणीनंतर किमान शंभर वर्षे धोका नाही हे पक्के झाले. २०२५ च्या फेब्रुवारीत '२०२४ वायआर४' या सुमारे ६० मीटरच्या लघुग्रहाबाबत हेच झाले. २२ डिसेंबर २०३२ ला आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली, संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया होते, आणि चार-पाच दिवसांत ती जवळजवळ शून्यावर आली. आकडा आधी का चढतो हे बातमीत सांगितले तर घबराट होणार नाही. सुरुवातीला कक्षा ढोबळ असते, लघुग्रह एका लांबलचक पट्ट्यात कुठेही असू शकतो. निरीक्षणे वाढतात तसा पट्टा आवळत जातो. रापण ओढताना जाळ्याचा घेर लहान होतो, पण घेरातला खडक, म्हणजे इथे पृथ्वी, तेवढाच राहतो, म्हणून उरलेल्या घेरात खडकाचा वाटा वाढलेला दिसतो. घेर खडकाला वगळून पुढे आला की वाटा एकदम शून्य. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली तेव्हा सुमारे दहा तासांच्या निरीक्षणातून २,१०४ नवे लघुग्रह काढून दाखवले. दहा वर्षे ती आकाश पिंजून काढणार आहे. 'शक्यता वाढली' असे मथळे आता नेहमीचेच होतील, तेव्हा हा हिशेब वाचकांना आधीच माहीत असलेला बरा.

भौतिकशास्त्राच्या बातम्यांत तारीख नसते, तिथे पारखावे लागते. २०११ च्या सप्टेंबरात न्यूट्रिनो (जवळजवळ कशालाही न अडणारे अतिसूक्ष्म कण) प्रकाशापेक्षा वेगाने गेल्याचे जाहीर झाले. जिनिव्हाहून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंतच्या ७३० किलोमीटरमध्ये ते ६० अब्जांश सेकंद लवकर पोहोचले होते. पुढच्या फेब्रुवारीत कारण सापडले, प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसली नव्हती. पण शंका घ्यायला तोवर थांबायची गरज नव्हती. १९८७ च्या महानव्याचे, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचे, न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तासच आधी आले होते. तो दावा खरा असता तर ते चार वर्षे आधी यायला हवे होते. २०१५ च्या डिसेंबरात लार्ज हॅड्रॉन कोलायडर या जिनिव्हाजवळच्या कण आदळवणाऱ्या यंत्रात ७५० जीइव्ही (कणांची ऊर्जा मोजायचे एकक) या जागी नव्या कणाची उंचवटी दिसली. सिग्मा म्हणजे निकाल निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचे माप. त्या एका जागेपुरता आकडा साडेतीन सिग्माच्या वर होता, पण असंख्य जागा धुंडाळल्या होत्या हे हिशेबात धरले तर दोनच्या आसपास. पाचशेच्या घरात शोधनिबंध निघाले आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये ती उंचवटी विरून गेली.

पाच सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगाने असे दिसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक. ४ जुलै २०१२ ला हिग्ज कणाची घोषणा झाली ती दोन स्वतंत्र गटांनी हा उंबरठा गाठल्यावर. विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलते असा संकेत दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या 'डेसी' प्रकल्पाने २०२५ च्या मार्चमध्ये दिला तो २.८ ते ४.२ सिग्माचा. महानव्यांची कोणती यादी जोडली त्यावर आकडा हलतो. तो खरा ठरला तर विश्वशास्त्राचा पाया बदलेल, आम्हीही उत्सुकतेने वाट पाहत आहोत. पण आज तो संकेत आहे, शोध नव्हे, आणि मथळ्यात हा फरक दिसायलाच हवा. चीनमधल्या 'जुनो'ने २०२५ च्या ऑगस्टमध्ये २०,००० टन द्रवात न्यूट्रिनो टिपायला सुरुवात केली. तीन न्यूट्रिनोंत हलका कोणता आणि जड कोणता, याचे उत्तर त्याला सुमारे सहा वर्षांत तीन सिग्मापर्यंत देता येईल असा आराखडाच आहे. तिथे अचानक स्फोटक बातमी येणार नाही. लार्ज हॅड्रॉन कोलायडर २०२६ च्या मध्यापासून मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवून २०३० च्या सुमारास जास्त तीव्रतेने सुरू करायचा बेत आहे. मधल्या काळातले निकाल साठवलेल्या नोंदींचे असतील.

आपल्या सर्वांत जवळचे काम हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाला २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार किलोमीटरचे दोन बाहू, आणि मोजायचा फरक प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी. अमेरिका आणि युरोपातल्या शोधयंत्रांपासून ते दूर असल्याने लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हे ठरवणे खूप सोपे होईल. १७ ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत आणता आली, म्हणून अकराएक तासांत चिलीतल्या एक मीटरच्या दुर्बिणीला तिचा प्रकाश सापडला. तो सतराव्या प्रतीच्या आसपासचा होता. चौदा इंची दुर्बीण, थंड केलेला कॅमेरा आणि एकेका मिनिटाची दहा छायाचित्रे एकत्र केली तर सांगे किंवा काणकोणच्या आकाशातून एवढा मंद ठिपका टिपता येतो. मात्र त्या दीर्घिकेचे आधीचे छायाचित्र हाताशी नसेल तर नवा ठिपका कोणता हे ओळखता येत नाही. जवळच्या दीर्घिकांचा असा संग्रह करायला नोव्हेंबर ते एप्रिलच्या चंद्रहीन रात्री लागतात आणि तीन-चार मोसम जातात. गोव्यातल्या ज्या महाविद्यालयांकडे दुर्बीण पडून आहे त्यांनी पुढे यावे, अशी चार ओळींची सूचना आपण येत्या ऑक्टोबरच्या अंकात छापावी.

आपले,
काही आकाशनिरीक्षक वाचक,
फोंडा, गोवा